अकराला खाली ये

प्रिय मुली,

परवा दुपारी तीनला तुझा फोन आला आणि पहिलंच वाक्य, "मावशी, इथे रात्र झाली हो." स्वीडनमधल्या उप्सालात डिसेंबरात दुसरं काय होणार? पावणेनऊ उलटल्यावर उजाडतं, पावणेतीनच्या आत सूर्य मावळतो, मधल्या वेळात बहुतेक दिवस ढगच. त्यात पोरगं दीड वर्षाचं, नवरा सहाला घरी येणार आणि साताऱ्याहून आई सांगतेय, लेकराला त्या बर्फात काढू नकोस. पुण्याला जाऊन मार्चपर्यंत राहू का, असं विचारलंस. मी नुसतं हं-हं केलं. आता लिहिते.

तिकिटाचं तुम्ही दोघं बघा. मला एवढंच सांगायचंय की रोज अकराला त्याला घेऊन बाहेर पड. झोपला असेल तर बाबागाडीत घालून ने. इथे लोक थंडीत बाळं बाहेर गाडीतच झोपवतात, तू पाहिलं असशीलच.

मी १९९४ साली इथे आले तेव्हा माझा मुलगा वर्षाचा होता. दोन हिवाळे मी त्याला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवला. खिडक्या बंद, हीटर चालू, दिवसभर दिवे. सासूबाईंच्या प्रत्येक पत्रात छातीला जप, कानाला जप. तिसऱ्या वर्षी बालवाडीत घातला. पहिल्या बर्फाला सगळी मुलं अंगणात लोळत होती आणि हा फाटकापाशी दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभा, जणू कुणी त्याला गोंदात बुडवलंय. बर्फात बसतात कसं हेच त्याला माहीत नव्हतं. माझ्या मुलाला, इथे वाढलेल्याला! ते हात मला अजून दिसतात.

मला तरी कोण सांगणार होतं? फोन करायचा तर मिनिटं मोजून. तुला सांगणारी मी आहे, म्हणून तुला सूट नाही.

कपड्यांचं ऐक. आतून सुती बनियन अजिबात नको, घामाने ओलं झालं की ओलंच राहतं. आत लोकर, वर फ्लीस, त्यावर ओव्हरऑल, आणि त्याचे खालचे इलॅस्टिकचे पट्टे बुटाखालून घ्यायचे, म्हणजे बर्फ आत जात नाही. मफलर नको, कुठेतरी अडकून फास बसतो. गळ्याला कॉलर मिळते ती घे. हातमोजे सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी लंगोट बदल. वीस मिनिटं जातील आणि दारात पोचल्यावर तो एक बूट काढून फेकेल. फेकू दे. पुन्हा घाल. मोटारीतल्या सीटमध्ये बसवताना मात्र तो फुगीर ओव्हरऑल काढायचा, नाहीतर पट्टा घट्ट बसत नाही. ड जीवनसत्त्वाचे पाच थेंब रोज देतेस ना? दोन वर्षांपर्यंत सगळ्याच मुलांना देतात. आपल्या वर्णाच्या मुलांना पुढेही लागतात, नर्सला विचारून घे.

माझा मुलगा आता लुलिओला असतो, आणखी उत्तरेला. गेल्या नाताळात म्हणाला, "आई, मला लहानपणीचं फिरणं आठवतच नाही, हातमोज्यांवरून तुझं ओरडणं तेवढं आठवतं." असेल. ओरडले मी. दोन वर्षांचं भरून काढायला पुढची दहा वर्षं एक दिवस चुकवला नाही, तापाचे दिवस सोडून. ओरडल्याशिवाय तो निघाला असता का? आज तोच उणे वीसमध्ये स्की घालून कामावर जातो. हे त्याला बोलून दाखवलं नाही, तुला सांगतेय.

आणि बर्फाला शिव्या देऊ नकोस. खरा वैरी नोव्हेंबर, काळा आणि चिखलाचा. बर्फ पडला की खालूनच उजेड येतो. आईला व्हिडिओवर एकदा त्याचे लाल गाल दाखव, वाद घालू नकोस. दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचा राहिला म्हणालीस, तो राहू दे. समोरच्या प्रत्येक खिडकीत ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, कागदी तारा आणि सात दिव्यांचा त्रिकोण आहे, त्यात तो खपून जाईल.

१३ तारखेला लुसिया, इथला उजेडाचा सण. सकाळी अंधारात पांढऱ्या झग्यातली मुलं गात येतील, जा बघायला. केशराचे पाव, लुसेकात्तर, मी करून आणते. अर्ध्या ग्रॅमची अख्खी पुडी घालावी लागते. श्रीखंडात दोन काड्या टाकणाऱ्या आपल्या बायकांचा जीव कळवळतो, पण घालायची.

पुढच्या वर्षी तो बालवाडीत जाईल, त्यांच्याकडे ओले कपडे वाळवायचं कपाट असतं. तोवर बाथरूममध्ये दोरी बांध.

रविवारी मी तुझ्याकडे येतेय. तळघरातून पुलका, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, काढलीय, माझ्या मुलाचीच, लाल, एका कोपऱ्याला चीर गेलीय. दोरी कुजली होती, नवी बांधलीय. मी वर येणार नाही, अकराला दारापाशी उभी असेन.

तुझी मावशी