इंदूरच्या फ्लॅटमध्ये ॲक्सोलोटल पाळता येईल का? मुलगी हट्ट धरून बसली आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरा वर्षांची, माईनक्राफ्ट या गेममध्ये ॲक्सोलोटल (मेक्सिकोतला, जन्मभर पाण्यातच राहणारा, बेडकासारखाच उभयचर पण शेपटीवाला प्राणी) बघून त्याच्यासाठी वेडी झाली आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, एसी फक्त बेडरूममध्ये, आणि ऑनलाईन भेटलेला एक जण पिल्लू कुरियरने पाठवायला तयार आहे. घ्यावं का?

माझ्याकडे सुदामा नगरात एक आहे, पांढरा, गुलाबी कल्ल्यांचा, म्हणून लिहिते. पाळता येईल. पण आत्ता घेऊ नका, आणि कुरियरने तर मुळीच नको. आधी नुसती टाकी मांडा, एक मे महिना त्या बिनप्राण्याच्या टाकीसोबत काढा आणि पाणी किती तापतं ते बघून मग ठरवा. इंदुरात ॲक्सोलोटल पाळायचा म्हणजे मुळात थंड पाणी पाळायचं, प्राण्याचं काम त्यामानाने फार नाही.

मेक्सिको म्हटलं की गरम देश असं आपल्या डोक्यात येतं. दुकानदारही बिनधास्त सांगतात, "उधर का जानवर है मॅडम, गर्मी सह लेगा." मेक्सिको सिटी आपल्या दक्षिणेला आहे हे खरं, जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर. पण ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे आणि आपण साडेपाचशेच्या आसपास. हा प्राणी तिथल्या सोचिमिल्को भागातल्या तळ्या-कालव्यांतला. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं, २० पर्यंत चालतं, २४ च्या वर बरेच दिवस राहिलं तर आजारपण ठरलेलंच. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, नेमकी तेव्हाच त्याच्या शरीराची गरज वाढते. बुरशी फोफावते. शिवाय त्याच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया गरम आणि अल्कधर्मी पाण्यात जास्त विषारी होतो.

आता आपल्याकडचं वर्ष बघा. डिसेंबर-जानेवारीत आमच्या आतल्या खोलीत टाकीला काहीच करावं लागत नाही. रंगपंचमीची गेर निघते तोवर पाणी चढायला लागलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये लोक काय करतात, तर टाकीवर छोटा पंखा लावतात. त्याने फरक पडतो, कारण आपली हवा तेव्हा कोरडी असते आणि पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते; आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. पण हा फरक काही अंशांचा. ३४ चं पाणी २९-३० वर आलं म्हणून ॲक्सोलोटलला काय उपयोग? आणि जूनमध्ये पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की पंखा जवळपास निकामी. मला विचाराल तर खरी परीक्षा मेची नसते, पहिल्या पावसानंतरच्या घामट दिवसांची असते.

म्हणजे चिलर, टाकीचं पाणी थंड करणारं मशीन, लागणार. कॉम्प्रेसरवाला, फ्रीजसारखा; ते स्वस्तातले छोटे पेल्टियरवाले (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने थंड करणारे) आपल्या उन्हाळ्यात पुरत नाहीत. विकत घेताना तो किती लिटरसाठी आहे एवढंच विचारू नका, खोलीच्या तापमानापेक्षा पाणी किती अंश खाली नेतो ते विचारा. खोली ३८ वर असेल तर त्याला वीस अंश खाली न्यायचंय, आणि छोटं मशीन तिथे दम टाकतं. म्हणून टाकी पश्चिमेच्या भिंतीला नको, आतल्या खोलीत ठेवा. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोल लावा, वर झाकण हवं. चिलर स्वतः गरम हवा बाहेर फेकतो, त्यामुळे त्याला कपाटात कोंडू नका. बिलाचा अंदाज मशीनवरच्या वॅटवरून आधीच काढा. मेमध्ये ते जवळपास दिवसभर चालतं असं धरा.

लाईट गेली तर? साधा घरगुती इन्व्हर्टर चिलर ओढेलच असं नाही, पण हवेचा पंप नक्की ओढेल, तो चालू ठेवा. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. त्या बंद बाटल्याच टाकीत सोडायच्या, एकेक करून. सुटा बर्फ नाही टाकायचा. पाणी हळूहळू उतरलं पाहिजे, एकदम पाच-सहा अंश नाही.

टाकी एकासाठी किमान पाऊणशे लिटर, जमलं तर शंभरच्या वर. तो सहज २३-२५ सेंटिमीटर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. म्हणजे मुलगी कॉलेजला बाहेरगावी जाईल तेव्हा तो तुमच्याकडेच असेल, हे आत्ताच घरात बोलून घ्या! तळाला रंगीत खडे नकोत. तो तोंड उघडून पाण्यासकट समोरचं सगळं आत ओढतो, खडाही जातो आणि आतड्यात अडकतो. तळ मोकळा ठेवा किंवा अगदी बारीक वाळू. स्पंज फिल्टर चांगला, कारण प्रवाह मंद असतो. पापण्या नसतात त्याला, तेव्हा झगझगीत लाईट नको आणि लपायला एखादा पीव्हीसी पाईपचा तुकडा द्या.

टाकी 'सायकल' करणं म्हणजे नुसतं पाणी भरून दोन दिवस ठेवणं नव्हे, जसं बरेच जण सांगतात. फिल्टरमध्ये अमोनियाचं आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वसावे लागतात. थोडा अमोनिया घालत राहायचं आणि थेंबवाल्या टेस्ट किटने मोजायचं. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मार्चमध्ये सुरू केलंत तर हे काम आणि मेची परीक्षा दोन्ही एकाच टाकीत उरकतात.

पाण्याबाबत आपण तसे सुदैवी आहोत. ॲक्सोलोटलला जड, क्षारांचं पाणी आवडतं, त्यामुळे आरओचं पाणी भरू नका, त्यातले क्षारच निघून गेलेले असतात. नर्मदेचं नळाचं पाणी चालतं, फक्त क्लोरीन काढा: अँटी-क्लोरीनचे थेंब, किंवा बादलीत पंप लावून एक दिवस ठेवलेलं पाणी. कोरफड घातलेलं कंडिशनर घेऊ नका. नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा एक झाकणाचा ड्रम याच कामाला राखून ठेवा. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी सरळ ओतलंत तर सगळी मेहनत वाया. बोअरिंगचं वापरायचं असेल तर आधी नायट्रेट तपासा.

खाणं म्हणजे गांडूळ. याच्यावर आमच्या घरात बराच वाद झाला, कारण डबा फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि सासूबाईंचं म्हणणं, नैवेद्याचं दूध जिथे असतं तिथे हे नको. शेवटी जुना छोटा फ्रीज बाल्कनीत गेला. गांडूळखतवाल्यांकडे मिळणारी लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, आमचा ती तोंडात घेऊन थुंकतो. गरम पाण्यात क्षणभर बुडवून, धुऊन, तुकडे करून दिली तर खातो. फवारणी झालेल्या बागेतली नको. चिमट्याने नाकासमोर तुकडा हलवला की तो आधी नुसता बघत बसतो, एक पाय उचलून अधांतरी धरतो, आणि मग एकदम 'फट्' असा आवाज होतो, तुकडा गायब. मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं. बुडणाऱ्या पेलेट्सही चालतात. जिवंत ट्यूबिफेक्स (माशांना घालतात ते बारीक लाल किडे) आणि बाजारातले छोटे मासे टाळा, रोग त्यांच्यातूनच येतात.

तब्येत कल्ल्यांवरून कळते. डोक्यामागे दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसाऱ्यासारखे कल्ले असतात. ते पुढच्या बाजूला वळले, शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलं, किंवा कल्ल्यांवर पांढरा कापूस दिसला की पहिलं थर्मामीटर बघा, दुसरं टेस्ट किट, औषध नंतर. माशांची औषधं आपल्या मनाने घालू नका, याची त्वचा सगळं शोषून घेते. डॉक्टर आधीच शोधून ठेवा. बहुतेक ठिकाणी कुत्री-मांजरीच बघतात. आपल्याला महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे विचारपूस करून बघा.

मुलीला एक गोष्ट स्पष्ट सांगा: याला हातात घ्यायचं नाही. अंगावर बुळबुळीत थर असतो तो निघतो, आणि सांगाडा बराचसा कूर्चेचा असल्यामुळे दाबला गेला तर इजा होते. गेममध्ये तो बादलीत भरून नेता येतो, इथे नाही. दिवसा तो पडून असतो. तुटलेला पाय परत उगवतो हे खरंय, शाळेत सांगायला छान आहे, पण म्हणून दोन पिल्लं एकत्र ठेवू नका. ती एकमेकांचे पाय तोडतात. मोठी नर-मादी एकत्र असली तर एका वेळी शेकडो अंडी होतात, मग ती कुठे देणार? एकटा ठेवला म्हणून त्याला काही वाटत नाही.

कागदपत्रांचं ऑनलाईनवाले बोलत नाहीत. रानात हा प्राणी जवळपास संपलाय, म्हणून तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीने असे प्राणी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे त्याच्या नोंदणीचा कागद मागा. "कुछ नहीं लगता" असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नका. आणि नकोसा झाला तर सिरपूर तलावात सोडायचा विचारही नको. आपल्या उन्हात तो मरेल, आणि मरेपर्यंत त्याचे रोग तिथल्या बेडकांना देईल.

मेअखेर आणि जूनच्या दमट दिवसांत चिलर लावून पाणी २० च्या खाली राहिलं, तर नोव्हेंबरमध्ये, जवळच्या माणसाकडून, आठ-दहा सेंटिमीटरचं, समोर खाऊन दाखवणारं पिल्लू घ्या. नाही राहिलं तर चिलर विकून टाका आणि त्याच टाकीत मॉली नावाचे छोटे मासे सोडा. आपलं जड पाणी त्यांना चालतं, २८ अंशांची भीती नाही, आणि दर महिन्याला पिल्लं मोजायला मुलीला भरपूर काम मिळेल.