लॅबमधले जुने पीसी टाकू नका, मॅडम

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ते भंगारात काढायची घाई नको. ४ जीबी रॅमवर झुबुंटू ही हलकी, मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम बऱ्यापैकी चालते. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. प्रिंटरच जास्त छळतो! गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसात नेट दगा देतं, तेव्हा इन्स्टॉलर जवळच ठेवा. लहानग्यांना जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर द्या, मोठ्यांना वर्ड-एक्सेलसारखं मोफत लिबरऑफिस. वर्डचे तक्ते त्यात कधीकधी सरकतात. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा. मराठी-कोंकणी टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डनेच शिकवा, ते विंडोजवरही तसंच चालतं. ऑफिसातलं टॅली मात्र विंडोजवरच राहू दे, क्लार्कशी उगाच वाद कशाला? आणि सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली, म्हणजे चोरीची प्रत कुणी ‘फुकट’ म्हणून आणून दिली, तर सरळ परत करा.