वाचकांचे प्रश्न : खारा वारा, पूर आणि गाडीतील ईसीयू

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची मोटार रात्रभर वाशिष्ठीच्या पाण्यात होती. सर्व्हिस सेंटरने इंजिनाचा ईसीयू (इंजिनाचे काम नियंत्रित करणारा छोटा संगणक) ‘हा दुरुस्त होत नाही’ असे सांगून बदलला. जुना डबा अजून माळ्यावर आहे. तो खरोखरच निकामी समजायचा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाण्यात गेलेला ईसीयू पुष्कळदा दुरुस्त होण्यासारखा असतो, मात्र तो उघडता येईल अशा रीतीने बांधलेला असावा लागतो. त्या पुरानंतर माझ्या टेबलावर असे दोन डबे आले होते. पहिल्याचे चार स्क्रू काढून रबरी गास्केट सोडवले, तेव्हा आत गाळाचा पातळ थर आणि कपलरच्या (वायरी जोडण्याच्या खोबणीच्या) पिनांच्या मुळाशी हिरवट पूड दिसली. आतल्या सर्किट बोर्डावरचे भाग बहुतेक शाबूत होते. खनिजविरहित पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मंद उष्णतेवर वाळवून दोन पिना बदलल्यावर तो चालू झाला. दुसरा डबा इपॉक्सीने (ओतल्यावर दगडासारख्या घट्ट होणाऱ्या राळेने) पूर्ण भरलेला होता. कपलरमधून शिरलेले पाणी आतच कोंडले होते आणि इपॉक्सी खरवडू लागताच तिच्याबरोबर बारीक भागही उपटून येऊ लागले. तो मला सोडून द्यावा लागला, याची हळहळ अजून वाटते.

इपॉक्सी भरण्यामागे कारण आहे, हेही सांगितले पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर येणारे मीठ हवेतली ओल धरून ठेवते, आणि शेजारच्या दोन पिनांमध्ये विद्युतदाब असला की त्या ओलीतून धातू सरकत जाऊन केसासारखा तंतू वाढतो व शेवटी दोन्ही पिना जोडून टाकतो. (पाण्यात गेलेल्या गाडीला चावी लावून पाहू नये, आधी बॅटरी सोडवावी, असे सांगतात ते याचसाठी.) तरीही बोर्डावर ॲक्रिलिकचा पातळ लेप आणि बाहेरून स्क्रू-गास्केटचा डबा, ही रचना मला अधिक योग्य वाटते, कारण ॲक्रिलिक द्रावकाने विरघळवून काढता येते व काम झाल्यावर पुन्हा लावता येते, तर घट्ट झालेली इपॉक्सी दुरुस्ती करणाऱ्यालाही आणि पुढे धातू वेगळे करणाऱ्यालाही दाद देत नाही.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची आहे. अनेक ईसीयू चोरी रोखण्यासाठी विशिष्ट गाडीशी आणि तिच्या चावीशी बांधलेले असतात, त्यामुळे भंगारात गेलेल्या गाडीतला चांगला डबाही दुसऱ्या गाडीत चालत नाही. मालकी तपासून हे कुलूप अधिकृतपणे काढून देण्याची सोय कंपन्यांनी ठेवली, तर कितीतरी चांगले डबे पुन्हा रस्त्यावर येतील. आपला डबा टाकू नका. बोर्डाचे काम जाणणाऱ्या मेस्त्रीला उघडून पाहू द्या.

प्रश्न : आमच्या वाडीत जुन्या गाड्यांचे वायरिंग जाळून तांबे काढतात. धुराचा त्रास होतो. दुसरा मार्ग कोणता?
– एक वाचिका, मालवण

उत्तर : वायरीवरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते आणि ते उघड्यावर जळताना हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये निघतात; राखेतून ती मातीत उतरतात. जळलेल्या तांब्याचा कसही उतरतो, म्हणून विकणाऱ्याचेही त्यात नुकसानच आहे. यंत्राने आवरण सोलून काढलेले तांबे स्वच्छ राहते.

वायरिंग आणि बोर्ड गाडीतून आधी काढणे मात्र आवश्यकच आहे. ते तसेच ठेवून गाडीचा चुरा केला, तर तांबे पोलादात मिसळते आणि असे पोलाद तापवून लाटताना त्याला भेगा पडतात. वेगळे काढलेले बोर्ड तांब्याच्या भट्टीत गेले की तांब्याबरोबर सोने, चांदी, पॅलेडियम मिळते. टँटलम आणि ॲल्युमिनियम हे धातू मात्र भट्टीतल्या टाकाऊ मळीत जातात व बहुधा परत मिळत नाहीत. भट्टीपेक्षा दुरुस्तीला मी अग्रक्रम देतो तो यामुळेच.

संपूर्ण गाडीच मोडीत काढायची असल्यास ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर (गाडी मोडीत दिल्याच्या दाखल्यावर) नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते. आयुष्य संपलेल्या वाहनांबाबत १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, त्यामुळे आपल्या गाडीच्या विक्रेत्याकडे संकलनाची चौकशी जरूर करावी.

प्रश्न : एअरबॅग नियंत्रित करणारा डबाही ईसीयूसारखाच धुऊन वापरता येईल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. तो पाण्यात गेला असेल तर बदलावाच. न फुटलेल्या एअरबॅगमध्ये स्फोटक द्रव्य असते; ती घरी उघडू नये, भंगारवाल्याला देऊ नये, आणि तिच्या वायरिंगला मल्टिमीटरही लावू नये.