सेन्सर अंतराळात तपासायला स्वतःचा उपग्रह हवाच का?

बडोद्यात कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही सन सेन्सर (सूर्याची दिशा ओळखणारं उपकरण) बनवलात, आता त्यासाठी १० सेंटिमीटरचा क्यूबसॅट, म्हणजे छोटा घनाकार उपग्रह, बांधायचा की नाही, असं विचारलंय. आत्ता तरी नको. एका सेन्सरपायी बॅटरी, रेडिओ, फ्रिक्वेन्सीची परवानगी, ग्राउंड स्टेशन असं सगळंच गळ्यात पडतं.

आधी इस्रोच्या पोएमवर, म्हणजे पीएसएलव्ही रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावरच्या प्रयोगमंचावर, जागा मागा. हा चौथा टप्पा उपग्रह सोडल्यावर कक्षेतच राहतो. वीज, दिशानियंत्रण आणि टेलिमेट्री (मोजमापं जमिनीवर पाठवायची सोय) तोच पुरवतो. डिसेंबर २०२४ मधल्या पीएसएलव्ही-सी६० उड्डाणात अशी २४ उपकरणं गेली. अर्ज इन-स्पेस या खासगी अंतराळ उपक्रमांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे करायचा, आणि ती तुमच्या जवळच, अहमदाबादला आहे.

खरी मेहनत सेन्सरच्या सर्किट बोर्डावर घ्या. पीव्हीसी वायर काढून टेफ्लॉनची घाला. निर्वातात पीव्हीसीतून निघणारी वाफ सेन्सरच्या काचेवर बसते आणि रीडिंग हळूहळू घसरत जातं. सन सेन्सरला हे फार महागात पडतं. उंच कपॅसिटर बुडाशी इपॉक्सीने पक्के करा, नाहीतर उड्डाणाच्या हादऱ्यांत त्यांचे पाय तुटतात. पंख्याचा उपयोग नाही, हवाच नसते. गरम होणाऱ्या चिपला थर्मल पॅड लावून ती ॲल्युमिनियमच्या डब्याला भिडवा.

किरणोत्सारामुळे चिपमध्ये लॅच-अप झाला, म्हणजे आतल्या आत शॉर्टसारखा मार्ग तयार झाला, की करंट एकदम चढतो. तिथे नुसता वॉचडॉग रीसेट (अडकलेला प्रोसेसर आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) पुरत नाही, सप्लाय तोडून पुन्हा जोडणारा करंट लिमिटर लागतो. तो टेबलावरच मुद्दाम शॉर्ट करून तपासा.