भिंत यायच्या आधीची मारामारी : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की फेब्रुवारी संपतानाच्या त्या शनिवारी संध्याकाळी मला फोन करू नका, मी बेल्जियमची सायकल रेस बघत असतो. त्यावर इतके मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. कुकरच्या रिंगवाल्या ताईंचं उत्तर पुढच्या वेळी, नक्की.

जानेवारीत ऑस्ट्रेलियात रेस होतात, फेब्रुवारीत आखातात होतात, मग बेल्जियमवाले फेब्रुवारीच्या शेवटी 'सीझन सुरू झाला' असं कसं म्हणतात? आणि एवढ्या थंडीत कशाला? (नाशिक)

अहो, त्यांच्या लेखी आधीचं सगळं म्हणजे नेट प्रॅक्टिस. खरी मॅच शनिवारी ओमलूप हेट न्यूसब्लाद आणि रविवारी कूर्ने-ब्रुसेल्स-कूर्ने, या दोन दिवसांना तिकडे 'ओपनिंग वीकेंड' म्हणतात आणि सण असल्यासारखं वागतात. थंडीचं म्हणाल तर २००४ मध्ये बर्फामुळे ओमलूप रद्दच झाली, २०१३ मध्ये कूर्नेची तीच गत. २०१० ला कूर्नेच्या दिवशी असलं वादळ होतं की जेमतेम २६ जणांनी रेस पूर्ण केली, बॉबी ट्राक्सेल जिंकला. तरी पुढच्या वर्षी सगळे हजर, आपण पावसात वारी करतो तसंच आहे ते.

ओमलूपच्या नावात एक गंमत आहे. १९४५ मध्ये 'हेट फोल्क' या पेपरने ही रेस काढली ती 'हेट न्यूसब्लाद' या दुसऱ्या पेपरवाल्यांच्या टूर ऑफ फ्लँडर्स या रेसला टक्कर द्यायला. पुढे कित्येक वर्षं ती ओमलूप हेट फोल्क म्हणूनच चालली. मग दोन्ही पेपर एकाच घरात आले, हेट फोल्क बंद झाला आणि २००९ पासून रेसवर नाव लागलं हेट न्यूसब्लादचं, म्हणजे ज्याच्याशी भांडायला रेस काढली त्याचंच! आपल्याकडच्या पेपरांच्या भांडणातून असलं काही चांगलं निघालेलं मला तरी आठवत नाही.

मी दोन वर्षं प्रयत्न करतोय. तीन तास नुसते घोळक्याने जातात, काहीच होत नाही, शेवटी एकदम कॉमेंटेटर ओरडायला लागतो. मी नेमकं काय बघायचं? (पुणे)

हा खरा प्रश्न. माझंही सुरुवातीला हेच व्हायचं, मी तर चक्क झोपायचो.

एक करा, पुढे कोण आहे ते बघूच नका, चढ यायच्या आधीचे चार-पाच किलोमीटर बघा. तुम्ही मुंबई-पुणे सायकल रेस बोरघाटात उभं राहून बघितली असेल तर डोक्यात चित्र असं असतं की घाट आला, ज्याच्या पायात दम तो पुढे गेला आणि 'घाटांचा राजा' झाला. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या ज्या भागात या रेस होतात तिथे, चढ जेमतेम किलोमीटरभर, काही तर त्याहून छोटे. गेरार्ड्सबर्गन गावातला 'मूर', म्हणजे शब्दशः भिंत, तोही साधारण तेवढाच, पण मध्ये चढ २० टक्क्यांच्या (शंभर मीटर पुढे गेलात की वीस मीटर वर) आसपास जातो आणि खाली दगडी फरसबंदी, ती पण ओली. आता गणित करा. साधारण २५ टीम, प्रत्येकी ७ जण, म्हणजे पावणेदोनशे सायकली, आणि मोठ्या रस्त्यावरून वळून शिरायचंय एका गल्लीत. पुढचे वीस-तीस जण आपल्या लयीत चढतात, मागे कोणाचा तरी पाय खाली टेकतो आणि त्याच्या मागचे सगळे सायकल हातात धरून उभे. पायात कितीही दम असू दे, रस्ताच बंद. वर पोचेपर्यंत पुढचे दिसेनासे झालेले असतात.

म्हणून मारामारी चढावर नसतेच, ती आधी असते. दादरला विरार फास्ट यायच्या आधी प्लॅटफॉर्मवर लोक कसे इंचाइंचाने सरकतात, डबा नेमका कुठे थांबणार ते ज्याला माहिती तो चढतो, बाकीचे राहतात, डिट्टो तसं. फक्त हे सगळं ताशी पन्नास-साठच्या स्पीडला, खांद्याला खांदा लावून. टीमचे दोन-तीन जण तर केवळ एवढ्यासाठीच असतात, आपल्या लीडरला त्या वळणापर्यंत पुढे आणून सोडायचं आणि मग स्वतः मागे गळून जायचं, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव पण नाही. मला विचाराल तर रेस तेच जिंकून देतात.

ताकद आणि डोकं यातला फरक बघायचा तर २०१५ ची ओमलूप शोधून बघा. शेवटी चौघं पुढे, त्यातले तीन एकाच टीमचे, टॉम बोनेन, निकी टर्पस्ट्रा आणि स्टाइन फांडेनबर्ग, आणि चौथा एकटा इयान स्टॅनर्ड. तिघांनी आळीपाळीने पळायचं आणि एकट्याला दमवायचं, शाळेतल्या पोराला पण सुचेल. स्टॅनर्ड काय करतो, गपचूप त्यांच्या चाकाला चिकटून बसतो, समोरचा वारा त्यांना खाऊ देतो, मागे बसणाऱ्याला ताकद कमी लागते. मग बोनेन सुटला, याने गाठला, टर्पस्ट्रा सुटला, याने तोही गाठला, आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये टर्पस्ट्राला हरवून जिंकला! तीनही पत्ते हातात असून डाव गेला. मी ती रेस पाच वेळा तरी बघितली असेल आणि दर वेळी वाटतं, आता तरी हरेल.

मी आइंडहोव्हनला असते. यंदा मुलीला घेऊन बायकांची ओमलूप बघायला जायचा विचार आहे, ती पण तेवढीच रंगते का? (नेदरलँड्स)

जा जा, विचार कसला करताय. बायकांची रेस २००६ पासून आहे. २०१९ मध्ये तर निकोल हान्सेलमान एकटी इतकी जोरात सुटली की दहा मिनिटं आधी निघालेल्या पुरुषांच्या रेसमागच्या गाड्यांपर्यंत पोचली आणि तिलाच थांबवलं! थांबली, लय गेली, जिंकली शेवटी शांताल ब्लाक. २०२५ ला उलटं झालं, ब्रेकअवेला, म्हणजे घोळक्यातून पुढे सुटलेल्यांना, दहा मिनिटांच्याही वर लीड मिळाली आणि मोठमोठ्या टीम पाठलागात पुढे कोण राहणार यावरून 'तू ओढ, मी कशाला ओढू' करत एकमेकींकडे बघत बसल्या, लोटे क्लास जिंकून गेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण हेच होतं म्हणा. मूरवर चॅपलच्या खालच्या वळणाला उभ्या राहा, लवकर जा, आणि मुलीला मोजे दोन जोड घाला.

इटलीतली स्त्रादे बियांके रेस फक्त २००७ ची, तरी शंभर वर्षं जुन्या रेसच्या बरोबरीने का मानतात? (कोल्हापूर)

रस्त्यामुळे, आणि शेवटामुळे. टस्कनीत सिएनाच्या आजूबाजूला पांढऱ्या मातीचे रस्ते आहेत, आपल्या मुरमाच्या रस्त्यासारखे, कोरडे असले की धुरळा, पाऊस पडला की चिखल. आणि शेवटी गावातल्या अरुंद गल्लीतून उभा चढ चढून थेट पियाझ्झा देल कांपोच्या जुन्या चौकात, असली फिनिश लाइन दुसरी नाही. स्लोव्हेनियाच्या पोगाचारने २०२४ ला शेवटचे ८१ किलोमीटर एकट्याने मारले, २०२५ ला उतारावर पडला, कपडे फाटले, कोपर सोललं, उठून परत जिंकला. पहिली कमाल आहे हे मान्य, पण ८१ किलोमीटर एकटा माणूस बघणं मला बोअर होतं, शिव्या घाला.

इटलीतलीच मिलान-सान रेमो रेस जवळजवळ ३०० किलोमीटर, आणि निकाल शेवटच्या दहा मिनिटांत. मग आधीचे सहा तास कशाला? (सातारा)

दमवायला. शेवटचा पोज्जो चढ ३.७ किलोमीटरचा, सरासरी चार टक्के पण नाही, तुम्ही सकाळी ताजे असताना सहज चढाल, पण पायात २८० किलोमीटर असताना तोच चढ वेगळा होतो. शिवाय वर पोचून भागत नाही, पुढे वळणावळणाचा उतार आहे. २०२२ ला मोहोरिचने माउंटन बाइकवाली खाली-वर होणारी सीट लावली, उतारावर ती खाली घेऊन असा काही सुटला की परत कोणाला सापडलाच नाही.

मी २५ एमएमच्या टायरमध्ये टम्म हवा भरतो, म्हणजे सायकल पळते. पण पेव्हर ब्लॉकवर हात बधिर होतात. प्रो लोक काय करतात? (सांगली)

हवा कमी करा. ते आता ३०-३२ एमएमचे ट्यूबलेस टायर लावतात आणि हवा आपल्याला वाटते त्याच्या कितीतरी कमी ठेवतात, कारण टम्म टायर दगडावर उड्या मारतो आणि उडण्यात ताकद जाते. मलाही एका दुकानदाराने 'दगडासारखी भरून दिलीय साहेब' म्हणून दिली होती, पहिल्याच पेव्हर ब्लॉकला बाटली उडून नाल्यात गेली आणि दुसऱ्याला मी.

कूर्नेत जिंकणाऱ्याला गाढव का देतात? (वय वर्षं ११, ठाणे)

खेळण्यातलं, मऊ मऊ! कूर्नेचे लोक भाजी विकायला पहाटे गाढवगाड्या घेऊन शेजारच्या कोर्ट्राइकच्या बाजारात जायचे, दगडी रस्त्यावर खडखडाट, लोकांची झोपमोड, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना गाढवं म्हणायला सुरुवात केली. कूर्नेवाल्यांनी चिडायचं सोडून तेच बक्षीस करून टाकलं. आणि नावात ब्रुसेल्स असलं तरी रेस ब्रुसेल्सला जात नाही, हे शाळेत कोणाला तरी विचारून बघ.