साइडलाइन रिपोर्टरला काय म्हणावं?

प्रश्न असा : अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात मैदानाच्या कडेला माइक घेऊन 'साइडलाइन रिपोर्टर' उभी असते. तिला मराठीत 'सीमारेषा वार्ताहर' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. सीमारेषा म्हटलं की मराठी कानाला चौकार ऐकू येतो, आणि 'सीमेवरची वार्ताहर' केलं तर थेट कारगिल.

आधी काम पाहू. समालोचक उंचावरच्या कक्षात बसतात. खेळ त्यांना छान दिसतो, पण राखीव खेळाडूंच्या बाकावर काय शिजतंय ते कळत नाही. 1974 मध्ये एबीसी वाहिनीने कॉलेज फुटबॉलच्या सामन्यांत जिम लॅम्प्ली आणि डॉन टोलेफसन या दोन तरुणांना खाली उभं केलं, ते याच कारणाने. दुखापत झालेल्याला तपासणीच्या निळ्या तंबूत नेलं का, तो पुन्हा हेल्मेट चढवतोय का, प्रशिक्षक कोणावर डाफरतोय, हे खालूनच कळतं. मध्यंतरातली प्रशिक्षकाची मुलाखत मात्र बहुधा पोकळ असते. 'चेंडू जपायला हवा' एवढं बोलून तो सटकतो. तेवढंच पाहणारे या पदाला शोभेचं म्हणतात.

2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत बफेलो बिल्स संघाचा खेळाडू डामार हॅमलिन मैदानावर कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं होतं. वरच्या समालोचकांकडे बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. ईएसपीएनच्या लिसा सॉल्टर्स खालून डोळ्यांसमोरचं तेवढंच सांगत राहिल्या. हे शोभेचं काम नव्हे.

म्हणून शब्दात बातमी हवीच. वार्ताहरही चुकीचा नाही, पण वर्तमानपत्रांनी तो पार गुळगुळीत केलाय ('आमच्या वार्ताहराकडून'!). बातमीदार मला जास्त पटतो. शिवकाळाबद्दल लिहिताना हेरांनाही बातमीदार म्हणतात. आत शिरून खबर काढण्याचा वास त्या शब्दाला आहे. पहिल्या उल्लेखात 'मैदानालगतची बातमीदार' लिहा, पुढे नुसतं 'बातमीदार'. थेट समालोचनात मात्र साइडलाइन रिपोर्टरच राहू द्या, तिथे कोणी अडखळत नाही.

आणि आयपीएलमध्ये सामन्याआधी 'आज कसं वाटतंय?' विचारणाऱ्यांना हा शब्द देऊ नका. त्यांना निवेदक पुरे.