नाव कुठलं, अर्थ कुठला?

नावांचे अर्थ आणि उगम यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या सदरातून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलीचं बारसं तोंडावर आलंय आणि घरात ‘मायरा’ की ‘कियारा’ यावर गाडी अडली आहे. इंटरनेटवर मायराचा अर्थ कुठे ‘लक्ष्मी’, कुठे ‘प्रिय’, कुठे ‘अद्भुत’ असा दिलाय. कियाराचा तर कुठे ‘तेजस्वी’ आणि कुठे चक्क ‘काळी’. खरं काय धरायचं? – पुणे

उत्तर : ही दोन्ही नावं संस्कृत नाहीत. एवढं एकदा मान्य केलं की पुढचं सोपं आहे.

मायरा हे नाव रूढ झालं ते फल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या इंग्रज कवीमुळे. त्याने आपल्या कवितांतल्या प्रेयसीला ते दिलं. ते कशावरून घडवलं याबद्दल तर्क आहेत : कोणी ते ‘मिऱ्ह’ या सुगंधी डिंकाशी जोडतं, तर ‘मेरी’ची रोमन अक्षरं उलटसुलट केली असं कोणी म्हणतं. ‘लक्ष्मी’ या अर्थाला संस्कृतात काहीच आधार नाही. ‘अद्भुत’ हा अर्थ लॅटिन ‘मिर-’ या मुळाचा. तो ‘मिरांडा’चा हक्काचा आहे, मायराला उसना दिलाय. आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या. राजस्थानात भाच्याच्या किंवा भाचीच्या लग्नात मामा जो आहेर घेऊन येतो त्याला ‘मायरा’ म्हणतात. उद्या मारवाडी घराशी सोयरीक जुळली तर नाव ऐकून थोडं हसू होईल, बाकी काही बिघडत नाही.

कियाराची गंमत निराळी आहे. देवनागरीत एकच दिसणारी ही मुळात दोन नावं. इटालियन ‘किआरा’ लॅटिन ‘क्लारा’वरून आलं : स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत क्लेअरला इटलीत ‘सांता किआरा’च म्हणतात. दुसरं नाव आयरिश. त्याचा मूळ उच्चार ‘कीरा’च्या जवळचा, आणि ते ‘किअर’ म्हणजे काळा, सावळा या शब्दावरून आलं. संत किअरानचं नाव त्याच शब्दाचं. बाहेरच्या लोकांनी आयरिश लेखन पाहून आपापल्या परीने उच्चार केले आणि दोन्ही नावांची सरमिसळ झाली. म्हणजे तुम्ही वाचलेले दोन्ही अर्थ बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या नावांचे आहेत. आपल्याकडचा ‘कियारा’ हा उच्चार इटालियन नावाचा, तेव्हा ‘उजळ’ हाच अर्थ घ्या.

अर्थासोबत भाषा सांगितलेली नसेल तर तो अर्थ सरळ सोडून द्यावा. एकाच नावापुढे ‘संस्कृत, अरबी, हिब्रू’ असं तिन्ही लिहिलं असेल तर जास्तच सावध व्हावं. ‘अनाया’चं उदाहरण घ्या. हिब्रू ‘अनाया’ म्हणजे ‘परमेश्वराने उत्तर दिलं’, आणि बायबलच्या नहेम्याच्या पुस्तकात हे नाव पुरुषाचं आहे. अरबी ‘इनाया’ म्हणजे काळजी, कृपादृष्टी. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. यादी करणाऱ्याने दोन्ही एका ओळीत कोंबले, एवढंच.

प्रश्न : नातवाचं नाव ‘आरव’ ठेवलंय. पुस्तकात अर्थ ‘शांत’ असा होता. संस्कृतचे एक शिक्षक म्हणाले, अगदी उलटा अर्थ आहे. कोण बरोबर? – कोल्हापूर

उत्तर : शिक्षक बरोबर. ‘रु’ धातूचा अर्थ आवाज करणे, त्यावरून ‘रव’. ‘आ’ उपसर्ग लागून झालेला ‘आरव’ म्हणजे आवाज, गलका, आरडाओरडा. शांत, निःशब्द तो ‘अरव’. एका कान्याने अर्थ फिरला. नाव बदलायची मात्र गरज नाही. तान्ह्या बाळाला इतकं चपखल नाव दुसरं मिळणार नाही.

अशी तपासणी घरीही करता येते. वामन शिवराम आपटे आणि मोनियर-विल्यम्स यांचे संस्कृत कोश कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नाव जसंच्या तसं, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून शोधा. सापडलं नाही तर पुढचे आ, वि, सम्, प्र असे उपसर्ग काढून उरलेला भाग शोधा. जोडनाव असेल तर संधी सोडवा. सध्या ‘-अंश’ची लाट आहे, म्हणून तेच घेऊ. ‘शिवांश’ म्हणजे शिव + अंश, ‘दिव्यांश’ म्हणजे दिव्य + अंश, दोन्ही निर्दोष. ‘रेयांश’ सोडवला की ‘रेय’ उरतो, आणि किरण या अर्थाचा ‘रेय’ शब्द संस्कृतात नाही. तो किरण इंग्रजीतला आहे. धन या अर्थाचा ‘रै’ शब्द आहे खरा, पण संधिनियमाने रै + अंश याचं ‘रायंश’ होतं. नवं नाव घडवायला कुणाची ना नाही. फक्त निमंत्रणपत्रिकेवर ‘वेदांतील नाव’ असं छापू नये.

प्रश्न : मुलीच्या वर्गात दोन ‘अमल’ आहेत : एक बंगाली मुलगा, दुसरी केरळची मुस्लिम मुलगी. एकच नाव दोन्हीकडे कसं? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ती दोन नावं आहेत. मुलाचं नाव संस्कृत, अ + मल, म्हणजे निर्मळ. घरी त्याला ‘ऑमोल’च्या जवळच्या उच्चाराने हाक मारत असतील. मुलीचं अरबी, ‘अलिफ’ या अक्षराने सुरू होणारं, अर्थ आशा. अरबीत आणखी एक ‘अमल’ आहे. तो ‘ऐन’ या अक्षराने सुरू होतो आणि त्याचा अर्थ कृती, काम. तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन ‘अंमल’, ‘अंमलदार’, ‘अंमलबजावणी’ झाला.

अरबी नावं देवनागरीत आणताना नेमकं हेच निसटतं. ऐनला आपल्याकडे अक्षर नाही. उर्दू लेखनातले ‘स’ तीन, नुक्त्याचे ‘ज़’ चार, आणि ते सगळे आपण एकेका अक्षरात बसवतो. ‘अलीम’ ऐनने लिहिला तर सर्वज्ञ, अलिफने लिहिला तर वेदनादायक! म्हणून अरबी नावाचा अर्थ देवनागरीवरून काढू नये. नाव उर्दूत लिहून घ्यावं आणि त्यातली बहुधा तीन असणारी मूळ व्यंजनं कोणती ते विचारावं. हान्स वेअरचा अरबी-इंग्रजी कोश अशा मुळांच्याच क्रमाने लावलेला आहे. मूळ कळल्याशिवाय त्यात शब्द सापडत नाही.

ओघात आणखी एक. ‘अब्दुल’ हे पूर्ण नाव नाही. अब्द म्हणजे सेवक, त्यापुढे ‘अल’ आणि मग ईश्वराचं विशेषण. अब्दुल रहीम म्हणजे दयाळू ईश्वराचा सेवक. नुसती ‘अब्दुल’ अशी हाक म्हणजे ‘…चा सेवक’ म्हणून अर्ध्यावर थांबणं. कागदपत्रांतही इथेच घोळ होतो : फॉर्म भरणारा ‘अब्दुल’ नावाच्या रकान्यात घालतो आणि ‘रहीम’ आडनावाच्या. दोन्ही शब्द नावाच्याच रकान्यात लिहावेत आणि शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत तेच लेखन ठेवावं.

प्रश्न : वंशावळ लिहिताना दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी, नथू अशी नावं भेटतात. पुढची पिढी त्यांना लाजते. अशी नावं आपल्याकडेच होती का? – सातारा

उत्तर : मुळीच नाही, आणि लाजायचं तर अजिबात कारण नाही. ही सगळी नावं मूल जगावं म्हणून ठेवलेली. आधीची भावंडं दगावली की नव्या बाळावर कुणाची नजर पडू नये म्हणून त्याला कवडीमोल ठरवायचं : दगड, धोंडा, केर. केरात ठेवून उचललं तो केरबा. देवापुढे पदर पसरून, भीक मागून मिळवला तो भिकाजी. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवलं की तो नथू.

मंगोलियात हीच युक्ती नकाराच्या वाटेने चालते. तिथे ‘नेरगुई’ म्हणजे बिननावाचा, ‘एनेबिश’ म्हणजे हा नव्हे, ‘खुनबिश’ म्हणजे माणूस नव्हे. शोधत आलेल्या वाईट शक्तीला पत्ताच लागू नये, हा हेतू. चीनच्या खेड्यांत ‘गौशंग’, म्हणजे कुत्र्याने टाकलेलं उष्टं, असं घरगुती नाव असे. पण ते घरातच राही, शाळेसाठी दुसरं भारदस्त नाव ठेवत. आपल्याकडे मात्र दगडूच हजेरीपटावर गेला आणि सातबाऱ्यावरही तोच चढला. नायजेरियातले योरुबा लोक याहून थेट बोलतात. पुन्हापुन्हा जन्मून मरणारं मूल परत आलंय असं वाटलं की ते त्याला ‘मालोमो’ म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’ किंवा ‘दुरोजाइये’ म्हणजे ‘थांब, आयुष्याचा आनंद घे’ असं नाव देतात. नाव कसलं, विनवणीच ती.

‘नकुशी’ मात्र या पंगतीत बसवू नका. तिथे मूल जगावं ही इच्छा नाही, मुलगी पुरे झाली ही तक्रार आहे. तिचं नातं चिनी ‘झाओदी’शी जुळतं, ज्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावून आण’. तुमच्याच जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली.

वंशावळीत फरक ओळखायचा तर नावाच्या आधीच्या ओळी पाहा. आधीची मुलं लहानपणी गेल्याची नोंद असेल तर नाव राखणीचं. आधी नुसत्या मुली असतील तर नकुशीच्या जातीचं. आणि दगडू-धोंडूवरून जात किंवा परिस्थिती ताडायला जाऊ नये. ही नावं सगळ्या थरांत सापडतात.

प्रश्न : आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकूंचं नाव फातिमा. हे मुस्लिम नाव ना? – सावंतवाडी

उत्तर : नाव अरबी, पण काकूंपर्यंत आलं ते पोर्तुगालहून. फातिमा हे तिथलं गाव. १९१७ साली मे ते ऑक्टोबर या काळात तीन गुराखी मुलांना तिथे मारियामातेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे, आणि त्या तीर्थावरून कॅथलिक मुलींना हे नाव देऊ लागले. गावाचं नाव मात्र इबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातल्या, अरबी अमलाचा मागे राहिलेला ठसा. अरबी मुळाचा अर्थ मुलाचं अंगावरचं दूध तोडणं.

गोव्याकडच्या कितीतरी नावांची घडण अशीच आहे : आधी ‘मारिया’ गृहीत, मग तिची एखादी उपाधी, सण किंवा तीर्थ. लूर्द (फ्रान्समधलं तीर्थ, १८५८), पिएदाद (करुणा), कॉन्सेसांव (निष्कलंक गर्भधारणा), रुझारियो (जपमाळ). झेवियरचं मूळ तर धार्मिकही नाही. संत फ्रान्सिस झेवियर ज्या वाड्यात जन्मले तो स्पेनच्या नवारा प्रांतातला, आणि त्याच्या बास्क नावाचा अर्थ ‘नवं घर’. आपल्या नवघरे आडनावाचा हा लांबचा भाऊबंद.

प्रश्न : आम्ही जर्मनीत आहोत, बाळ मार्चमध्ये होईल. ‘किरण’ किंवा ‘जुई’ ठेवायचा विचार आहे. नोंदणीत अडचण येईल का? – श्टुटगार्ट

उत्तर : ‘किरण’च्या बाबतीत तुमचं काम आधीच कुणीतरी करून ठेवलंय. भारतीय पार्श्वभूमीच्या एका कुटुंबाला हेच नाव मुलीसाठी नाकारलं होतं. त्यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, म्हणून लिंग स्पष्ट करणारं दुसरं नाव जोडा, असं नोंदणी कार्यालयाचं म्हणणं. ५ डिसेंबर २००८ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने ती अट उडवून लावली. आता मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच नाव नाकारता येतं.

जन्माची नोंद आठवड्याच्या आत ‘श्टांडेसआम्ट’मध्ये, म्हणजे या नोंदणी कार्यालयात, व्हावी लागते, बाळंतपण रुग्णालयात झालं तर ते रुग्णालयच कळवतं. नाव ठरलं नसेल तर त्यासाठी एक महिना मिळतो. अनोळखी नावावर कारकून अडला तर वीसबाडेनची जर्मन भाषा संस्था शुल्क घेऊन नावाचा दाखला देते, तो जोडावा. बाळ भारतीय नागरिक राहणार असेल तर भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत नोंदवायला विसरू नका.

खरी अडचण उच्चाराची आहे. जर्मन माणूस ‘जे’ अक्षराचा उच्चार ‘य’ करतो, स्वराआधीच्या ‘एस’चा ‘झ’कडे झुकतो, ‘झेड’चा ‘त्स’, आणि ‘व्ही’चा पुष्कळदा ‘फ’. जुई होईल ‘युई’, सायली ‘झायाली’. किरणला यातलं काहीच बाधत नाही. तरीही जुईच हवी असेल तर रोमन लेखन ठरवण्याआधी एखाद्या जर्मन शेजाऱ्याला ते कागदावर दाखवून मोठ्याने वाचायला सांगा.

प्रश्न : मुलाच्या जपानी मैत्रिणीचं नाव युकी. याचा अर्थ ‘बर्फ’ का? – ठाणे

उत्तर : असेल किंवा नसेल. जपानी नावाचा अर्थ त्याच्या चित्रलिपीतल्या अक्षरांवर ठरतो. एका अक्षराने लिहिलेली युकी म्हणजे हिमवर्षाव, दुसऱ्याने लिहिलेली म्हणजे सुख. दोन अक्षरं जोडून आणखी निराळे अर्थ होतात. काही पालक नुसता उच्चार दाखवणाऱ्या लिपीतच लिहितात, तेव्हा अर्थ मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. तिलाच ‘तू नाव कसं लिहितेस?’ असं विचारा. जपानमध्ये नव्या ओळखीत हा प्रश्न अगदी सर्रास विचारतात.